जंगीतून काय दिसत होतं: केनेट कालव्याकाठच्या पिलबॉक्सच्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

काम ठरलं. इंग्लंडमधल्या रेडिंगच्या पश्चिमेला थील गाव लागतं. तिथून न्यूबरीपर्यंत केनेट-एव्हन कालव्याच्या कडेने १९४० सालचे काँक्रीटचे पिलबॉक्स, म्हणजे आतून गोळीबार करायचे बुटके लष्करी खोके, अजून उभे आहेत. काही गुरांच्या कुरणात, काही काटेरी ब्रॅम्बलच्या जाळीत, एखादा थेट पायवाटेला लागून. या टप्प्यातल्या प्रत्येकाची आजची स्थिती नोंदवायची आणि ती परगण्याच्या पुरातत्त्व नोंदवहीला द्यायची, एवढं आमच्या छोट्या स्वयंसेवी गटाकडे आलंय.

कोऱ्या पाटीवर काम करत नाही आहोत. १९९५ ते २००२ या काळात ‘डिफेन्स ऑफ ब्रिटन’ प्रकल्प झाला. कौन्सिल फॉर ब्रिटिश आर्किऑलॉजीने तो चालवला आणि स्वयंसेवकांनी देशभर फिरून जवळपास २०,००० जागा नोंदवल्या. इथल्या खोक्यांची प्राथमिक माहिती त्यात आहे: प्रकार, नकाशावरचा संदर्भ, एका शब्दात अवस्था. त्यानंतर वीसेक वर्षं गेली. झाडं वाढली, काँक्रीट सुटलं, काही शेतांचे मालक बदलले.

आमच्या तक्त्यात मी एक जादा रकाना मागून घेतला: ‘काय दिसतं’. भिंतीत बंदुकीसाठी ठेवलेल्या प्रत्येक जंगीतून, म्हणजे भोकातून, १९४० साली काय दिसत असेल, ते. गटातल्या काहींना हे लांबण वाटलं. मला वाटतं, पिलबॉक्समध्ये नोंदवण्यासारखं मुख्य तेच आहे. बाकी काँक्रीटचा ठोकळा, तो सगळीकडे सारखाच.

नियम: मार्चअखेरपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. या खोल्यांत हिवाळ्यात वटवाघळं झोपतात, आणि १९८१ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना त्रास देणं हा गुन्हा आहे. पंचाईत अशी, की बाहेरून मोजायला हिवाळाच बरा. पानं गळलेली असतात, नेटलची खाजरी झुडपं झोपलेली असतात. म्हणून बाहेरचं काम आत्ता, आतलं एप्रिलपासून.

२५ जानेवारी, शनिवार

घरबसल्या वाचन. पार्श्वभूमी एकदा लिहून ठेवतो, म्हणजे पुढे प्रत्येक नोंदीत सांगायला नको.

१० मे १९४० ला जर्मन फौजा हॉलंड-बेल्जियममध्ये घुसल्या. जूनच्या ४ तारखेला फ्रान्सच्या डंकर्क बंदरातून सैन्याची सुटका संपली. सव्वातीन लाखांवर माणसं परत आली, पण तोफा आणि गाड्या फ्रान्समध्येच राहिल्या. नुसत्या रणगाडाविरोधी तोफाच ८०० च्या वर गेल्या. देशाच्या संरक्षणाची सूत्रं २७ मे रोजी जनरल एडमंड आयर्नसाइड यांच्याकडे आली होती. शत्रू दक्षिण किंवा पूर्व किनाऱ्यावर उतरला आणि त्याचे रणगाडे आत धावू लागले, तर अडवायला चालत्याफिरत्या तुकड्या पुरेशा नव्हत्या. मग जे होतं ते वापरलं: नद्या, कालवे, रेल्वेचे बांध. त्यांच्या आधाराने देशभर ‘स्टॉप लाइन’, म्हणजे शत्रूला अडवायच्या रेषा, आखल्या. त्यातली सगळ्यांत महत्त्वाची जीएचक्यू (लष्करी मुख्यालयाची) लाइन. ब्रिस्टलच्या बाजूने निघून लंडनला दक्षिणेकडून वळसा घालून ती पुढे उत्तरेला यॉर्कशायरकडे जायची. तिचा ‘ब्लू’ म्हणून ओळखला जाणारा फाटा विल्टशायरमधल्या सेमिंग्टनपासून थीलपर्यंत याच कालव्यावरून गेला.

कालवा तेव्हा ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या मालकीचा होता आणि व्यापाराच्या दृष्टीने जवळजवळ मेलेला. मालवाहतूक उरली नव्हती. पण पाणी होतं, उभे काठ होते, आणि रणगाड्याला तेवढं पुरतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन रेनीने जो कालवा कोळसा वाहायला पुरा केला, त्याचा १९४० मध्ये खंदक झाला.

९ फेब्रुवारी, रविवार

थीलपासून पश्चिमेला चाललो. चिखल घोट्यापर्यंत. गार्स्टन लॉकपाशी थांबलो (लॉक म्हणजे पाण्याची पातळी बदलून होड्या वर-खाली नेणारा दारांचा कप्पा). हे लॉक पाहण्यासारखं आहे: वरचे काठ दगडी नाहीत, गवताचे उतार आहेत. केनेट नदीचा हा भाग १७२३ मध्ये नौकानयनासाठी खुला झाला तेव्हा लॉक अशीच बांधत. चालू अवस्थेतली अशी दोनच उरली आहेत, हे आणि थॅचमचं मंकी मार्श. अठराव्या शतकातलं लॉक बघायला येणारे लोक शेजारच्या काँक्रीटच्या खोक्याला पाठ टेकवून सँडविच खातात.

प्रकार ओळखायची आमची रीत साधी आहे. युद्ध खात्याच्या फोर्टिफिकेशन्स अँड वर्क्स विभागाच्या एफडब्ल्यू३ शाखेने नमुना-आराखडे काढले, त्यांचे क्रमांक आजही चालतात. टाइप २२ हा समभुज षट्कोन, प्रत्येक बाजू साधारण सहा फुटांची. टाइप २४ हाही षट्कोन, पण दाराची मागची भिंत लांब, १४ फुटांच्या आसपास, आणि बाकीच्या पाच सात-आठ फुटांच्या. देशभरात सगळ्यांत जास्त हाच सापडतो. टाइप २६ चौकोनी. टाइप २८ रणगाडाविरोधी तोफेचा, बाकीच्यांपेक्षा बराच मोठा. भिंतीची जाडी दोन तऱ्हांची: फूटभर असेल तर बंदुकीच्या गोळीपुरती, तीन फुटांच्या वर गेली तर तोफगोळ्यासाठी. जंगीत हात घालून पाहिला की कळतं. फूटभर भिंतीत कोपर बाहेर राहतं, जाड भिंतीत खांदा टेकला तरी बोटं पलीकडे पोचत नाहीत.

दिशा बघायला दार शोधायचं. शत्रू दक्षिणेकडून येणार हे गृहीत होतं, म्हणून खोके बहुतेक उत्तर काठावर आणि दारं उत्तरेला. दार सापडलं की पाठ कुठली ते कळलं.

होकायंत्राचं वाचन भिंतीपासून दहा-बारा पावलं लांब उभं राहूनच घ्यायचं. भिंतीतल्या सळया सुईला ओढतात. तक्त्याच्या वरच्या कडेला हे लाल अक्षरांत छापून घेतलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज दादा बरोबर आले. मूळचे सांगलीचे, आता बेझिंगस्टोकला असतात. सिव्हिलमध्ये उभं आयुष्य गेलं. त्यांना इतिहासाशी फार देणंघेणं नाही, काँक्रीटशी आहे. पहिल्याच खोक्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, “हे काम तीन दिवसांत ओतलंय. आणि मधे एक रात्र गेली आहे.”

कसं कळलं? भिंतीत आडवी रेघ होती, तिच्याखाली खडी मोकळी पडलेली. कोल्ड जॉइंट. आदल्या दिवशीचा माल आवळला, दुसऱ्या दिवशी त्याच्यावर नवा ओतला, मधे नीट बांधणी झाली नाही. पाणी तिथूनच शिरतं. रेघेखालच्या जाळीदार जागेला दादा ‘हनीकोंब’ म्हणाले. आपल्याकडे साइटवर हाच शब्द चालतो. माल कोपऱ्यात नीट ठासला नाही की होतो. “घाई होती हो. ठासायला माणूस कमी पडला असणार.”

सेंट्रिंगच्या फळ्यांचे शिरे अजून उमटलेले आहेत. एका भिंतीवर फळीतली गाठ जशीच्या तशी दिसते. खडी म्हणजे केनेटच्या खोऱ्यातलीच गारगोटी, गोल गुळगुळीत. दादांना ती पसंत नाही. फोडलेली खडी एकमेकांत अडकून बसते, गोल खडी सरकते. पण १९४० च्या जूनमध्ये खोऱ्यातली जवळची खडी सोडून लांबून कोण आणणार? स्थानिक कंत्राटदारांनी रॉयल इंजिनिअर्सच्या देखरेखीखाली काम उरकलं. सिमेंट, लाकूड, माणसं, सगळ्याचीच ओढाताण होती.

पुढच्या खोक्याला बाहेरून लाल वीट. मला आधी वाटलं होतं की हे कुठल्यातरी जुन्या घराच्या रूपात लपवायला असेल. दादांनी वाकून थर पाहिले. सगळ्या विटा आडव्या, अर्ध्या विटेच्या जाडीचा पदर. “हे बांधकाम नाहीच. ही शटरिंग आहे. फळ्या मिळाल्या नाहीत म्हणून विटेची भिंत उभी केली, आत माल ओतला, आणि वीट तिथेच राहिली. काढायचा वेळ वाचला.” म्हणजे तक्त्यात ‘विटेचा पिलबॉक्स’ लिहिणं चूक. काँक्रीटचा, विटेच्या कायम शटरिंगचा. जुन्या नोंदींत असा घोळ बऱ्याच ठिकाणी आहे, तो आता एकेक करून सुधारतोय.

वेशांतराच्याही गोष्टी आहेत म्हणा. गवताची गंज, रस्त्याकडेचं चहापानगृह, पडका बुरूज अशा सोंगांत पिलबॉक्स सजवायला रंगभूमीचे नेपथ्यकार लष्कराने घेतले होते. ऑलिव्हर मेसेल त्यातले नावाजलेले. त्यांचं काम सॉमरसेटकडे झालं. आमच्या टप्प्यात रंगाचा किंवा कापडाचा मागमूस अजून कुठे सापडला नाही.

अवस्थेबद्दल दादांचं मत: छपराच्या कडेला सळईवरचं कव्हर गेलंय. सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचा पापुद्रा ढकलून देते. भिंती शंभर वर्षं सहज काढतील, छपराच्या कडा नाही. छपरावर उगवलेलं अॅशचं रोप मात्र आत्ताच कापायला हवं. उपटायचं नाही, मुळं आत गेली असतील तर भेग मोठी होते. आयव्हीच्या वेलीला शक्यतो हात लावायचा नाही.

९ मार्च, रविवार

‘काय दिसतं’ या रकान्याचं काम संगणकावर सुरू केलं. अडचण उघड आहे: आज बऱ्याच जंग्यांसमोर झाडी आहे. तिथे उभं राहून फोटो काढला तर पानांचा फोटो येतो.

इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेचा लायडार डेटा फुकट मिळतो. विमानातून लेझर टाकून मोजलेली जमिनीची उंची, बऱ्याच भागात एक मीटरच्या बारकाव्याने. त्याच्या एका आवृत्तीत झाडं आणि इमारती गाळून नुसती जमीन ठेवलेली असते. ती क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये घातली, जंगीची उंची आणि दिशा दिली, आणि तिथून कुठली जमीन दिसते ते रंगवून घेतलं. मर्यादा ५५० मीटरची धरली. ब्रेन मशीनगनचा परिणामकारक पल्ला तेवढाच, ६०० यार्डांचा.

पण ‘नुसती जमीन’ म्हणजे १९४० ची जमीन नव्हे. युद्धानंतर या खोऱ्यातून खडी-वाळू उपसली आणि खड्ड्यांत पाणी भरून तळी झाली. थीलच्या आसपास नकाशा निळ्या ठिपक्यांनी भरलेला आहे. १९७१ मध्ये एम४ महामार्ग पूर्ण झाला, त्याचा बांध आडवा आला. म्हणून लायडारच्या जोडीला युद्धानंतर लगेच रॉयल एअर फोर्सने काढलेले हवाई फोटो आणि जुने पंचवीस-इंची (मैलाला पंचवीस इंच प्रमाणाचे) नकाशे लावतोय. कुंपणाच्या झुडुपांच्या ओळी, तेव्हाच्या पायवाटा, उपसा व्हायच्या आधीचे उतार. हे हातानेच करावं लागतं. वेळखाऊ आहे, पण यातच मजा आहे.

३० मार्च, रविवार

पाडवा. त्यात आज इथे घड्याळं एक तास पुढे गेली, त्यामुळे गुढी उभारायलाच उशीर झाला. काम नाही.

मंडळाच्या जेवणात एका काकांनी विचारलं, “या गोऱ्यांच्या खोक्यांशी आपलं काय हो?” या खोक्यांशी थेट काही नाही, आणि ओढूनताणून नातं जोडायचंही नाही. पण काठाआड दडलेल्या मशीनगनमुळे आपल्या माणसांवर काय वेळ आली ते इटलीत दिसतं. सेनिओ नदीच्या उंच पूररोधक बांधांमध्ये जर्मनांनी मशीनगन पेरल्या होत्या. ९ एप्रिल १९४५ ला पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनने ती नदी ओलांडली. नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव त्या हल्ल्यात होते. आधी दोन जखमींना पाण्यातून आणि बांधावरून वाहून मागे आणलं, मग एकट्याने मशीनगनची तीन ठाणी गप्प केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इंग्लंडच्या कालव्यावर असा हल्ला कधी आलाच नाही. आला असता तर काय झालं असतं, त्याचा हिशेब सेनिओच्या बांधावर आहे.

काका म्हणाले, “हे आधी सांगायचं ना.” पुढच्या फेरीला येतो म्हणालेत. बघू.

१३ एप्रिल, रविवार

आत जायला सुरुवात. रीत अशी: आधी दारातून टॉर्च छताच्या कोपऱ्यांत फिरवायची. वटवाघूळ दिसलं की मागे फिरायचं आणि तारीख टाकायची. जमिनीवरची लेंडी बोटांनी चुरडून पाहायची. कोरडी भुकटी झाली तर वटवाघळाची, कडक राहिली तर उंदराची. घरटं वापरात असेल तरी आत जायचं नाही.

टाइप २४ मध्ये दारातून शिरल्याबरोबर समोर भिंत येते. खोलीच्या मधोमध इंग्रजी वाय आकाराची. एका जंगीतून गोळी आत आलीच तर ती भिंतींवर आपटत सगळ्यांना लागू नये म्हणून. शिवाय छपराला आधार. दोन माणसं शेजारी उभी राहिली तर एकमेकांना कोपरं लागतात. त्यात पाच जंग्यांवर पाच ब्रेन, दाराच्या दोन बाजूंना बंदुकीच्या बारक्या फटी, दारूगोळा, धूर आणि रिकाम्या काडतुसांचा सडा. आमच्या काकांनी कान झाकून दाखवले.

जंग्या आतून रुंद आणि बाहेर निमुळत्या असतील असं गडकोट फिरणारा माणूस गृहीत धरतो. इथे काही उलट आहेत. बाहेरून पायऱ्यापायऱ्यांनी आत अरुंद होत गेलेल्या. बाहेर नुसता तिरपा उतार ठेवला तर गोळी घसरून आत येईल, पायरी ठेवली की ती तिथेच अडते. एका खोक्यात जंगीखाली काँक्रीटचा कट्टा तसाच शाबूत. त्यावर ब्रेनचं तिकाटणं टेकवायचे. कट्ट्याची उंची मोजली, त्यामुळे संगणकातला डोळा आता अंदाजे नाही, नेमका ठेवता येतो.

आत उरलेलं: बिअरचे डबे, एक गादी, मोठे काळे गुहाकोळी. आणि कोपऱ्यात पंख मिटून बसलेलं एक मोरपंखी फुलपाखरू, अजून झोपेत.

३ मे, शनिवार

आज टाइप २८. समोर रुंद तोंड, मागे तोफ ढकलत आणता येईल एवढं दार, आणि भिंती साडेतीन फुटांच्या. या आराखड्याच्या २८ए आवृत्तीत तोफेच्या खोलीला लागून ब्रेनवाल्यांसाठी वेगळा कप्पा असतो. हा तसाच.

अडचण तोफेचीच होती. आराखडा दोन-पौंडी तोफेसाठी, आणि त्याच तोफा डंकर्कला सुटल्या. बऱ्याच ठिकाणी मग पहिल्या महायुद्धातल्या रणगाड्यांवरच्या सहा-पौंडी हॉचकिस तोफा काढून वापरात आणल्या. घर आधी बांधलं आणि भाडेकरू मिळेना, अशी गत.

इथून काय दिसतं? समोर कालवा नाही. तोंड तिरपं आहे, पुलाकडे. पूल उडवायची तयारी असायचीच, पण सुरुंग फुटला नाही तर पुलावर चढणारा पहिला रणगाडा या तोफेच्या समोर येतो. आणि वर चढताना त्याचं पोट दिसतं, जिथे चिलखत पातळ असतं.

१८ मे, रविवार

सगळ्या जंग्यांचे दृष्टिपट, म्हणजे जंगीतून दिसणाऱ्या जमिनीचे रंगवलेले नकाशे, एकावर एक ठेवून पाहिले. जे दिसलं त्यासाठीच हा रकाना मागितला होता.

बहुतेक जंग्या कालव्यापलीकडे समोर बघतच नाहीत. त्या कालव्याच्या लांबीने बघतात. खोका वळणावर किंवा लॉकच्या टोकाशी आहे, आणि त्याच्या बाजूच्या जंगीतून पाण्याचा सरळ पट्टा पुढच्या पुलापर्यंत उघडा पडतो. शत्रू कुठेही पाण्यात उतरला तरी मारा बाजूने येतो, एका रेषेत. आपल्याकडे बुरूज तटाच्या पुढे काढतात ते याचसाठी. तटाच्या पायथ्याशी पोचलेल्याला तटावरून मारता येत नाही, शेजारच्या बुरुजावरून येतं. इथे तट म्हणजे कालवा, आणि बुरूज त्याच्या वळणांवर बसवले आहेत.

दुसरं: प्रत्येक खोक्याला स्वतःच्या भिंतीलगत आंधळी जागा असते. जंगीखाली सरपटत आलेला माणूस आत हातबाँब टाकू शकतो. नकाशावर त्या आंधळ्या जागा शेजारच्या खोक्याच्या रंगात भरून निघतात. जिथे भरत नाहीत, तिथे एकतर खंदक होते किंवा मधला खोका नंतर पाडला गेला. अशा दोन ठिकाणी जुन्या हवाई फोटोत शोधायचंय.

आयर्नसाइडना नावं ठेवणं आज सोपं आहे. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या जागी जनरल अॅलन ब्रूक आले. त्यांना अशा स्थिर रेषा पटत नव्हत्या. फौज खोक्यांत अडकवण्यापेक्षा चपळ राखीव तुकड्या हव्या होत्या. लष्करी दृष्टीने ब्रूक बरोबर होते. नुकत्याच उभ्या राहिलेल्या होमगार्ड या स्थानिक स्वयंसेवकांच्या दलाच्या भरवशावर एवढी लांब रेषा धरता आली नसती. पण राखीव तुकड्याच नव्हत्या तेव्हा आयर्नसाइडनी हाताशी होतं त्यातून, अवघ्या काही आठवड्यांत, जे उभं केलं ते अडाण्याचं काम नव्हतं. जागा निवडणाऱ्याला मारा कसा टाकायचा हे पक्कं माहीत होतं. आमचे नकाशे तेवढं नक्की दाखवतात.

७ जून, शनिवार

थील ते वूलहॅम्प्टन टप्प्याचे तक्ते नोंदवहीकडे पाठवले. प्रत्येक खोक्याला चार कोनांतून फोटो, आतली मापं, ओतकामाची नोंद (दादांची सही असलेली, हा त्यांचा आग्रह), आणि जंगीवार दृष्टिपटाचा नकाशा.

एका शेतमालकाने विचारलं, समोरची झाडी कापू का, म्हणजे लोकांना तेव्हाचं दृश्य दिसेल? मी नको म्हटलं. विलोची ती रांग वटवाघळांची ये-जा करायची वाट आहे, आणि दृश्य नकाशावर आहेच. त्याऐवजी छपरावरची रोपं कापायला सांगितलं. तो तयार आहे, पण पक्ष्यांचा विणीचा काळ संपल्यावर, म्हणजे सप्टेंबरात.

नेटल आता कमरेएवढी झाली आहे, बाहेरची मापं घेणं अशक्य. थॅचम ते न्यूबरी टप्प्याचं आतलं काम ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, बाहेरचं पानगळीनंतर. तोवर हवाई फोटोंतली ती दोन रिकामी ठिकाणं तपासायची. काकांनी ती जबाबदारी घेतली आहे. भिंग स्वतःचं आणणार म्हणाले.